साखरेवर ठेवलेला पाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की आमच्या यवत परिसरात आणखी एक हंगाम सुरू होतो. तो म्हणजे पोरांचा हिमालयात जाण्याचा. पूर्वी आमच्याकडून हिमालयात कोणी गेलं तर ते बद्री-केदारला, तेही उतारवयात, घरच्यांचा निरोप घेऊन. आता विशी-पंचविशीतली मुलं-मुली ऐन डिसेंबर-जानेवारीत पाठीला सॅक लावून निघतात. कोणी केदारकांठ्याला, कोणी ब्रह्मतालला, कोणी मनालीला. दोन-चार रविवार भुलेश्वरचा डोंगर चढायचा-उतरायचा, पुण्यातून जाकीट भाड्यानं आणायचं, की तयारी झाली. परवा एका गुऱ्हाळावर अशाच तिघा-चौघांची बोलणी चालली होती. चुलाणापाशी बसलेले एक आजोबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी मला म्हणाले, "सर, ते बर्फ अंगावर येऊन माणसं मरत्यात म्हणं. ते कसं ओ? बर्फ तर कापसावानी असतंय. कापसाखाली कोण मरतंय व्हय?"

पोरं हसली. मला मात्र प्रश्न आवडला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि तरुणपणी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलं. इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. आज त्याचंच उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी कापसाचं पाहू. आकाशातून नुकताच पडलेला, थंड, कोरडा बर्फ खरोखरच कापसासारखा असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा त्याचा ठोकळा कापला, तर त्याचं वजन ५० ते १०० किलो भरतं. पण हाच बर्फ उतारावरून घसरत खाली आला, की त्याच्या नाजूक पाकळ्या मोडतात, कण एकमेकांवर घासतात, बारीक होतात आणि गच्च बसतात. थांबल्यानंतर त्याच एक घनमीटर ठोकळ्याचं वजन ४०० किलोच्या घरात जातं. दहा किलोची गुळाची ढेप धरली, तर चाळीस ढेपा. शिवाय थांबल्याबरोबर काही क्षणांत हे कण एकमेकांना चिकटतात आणि सारं सिमेंटसारखं घट्ट होतं. आत अडकलेल्या माणसाला, वर फक्त हातभर बर्फ असला तरी, बोट हलवता येत नाही. कापूस फक्त वर असताना कापूस असतो.

आता तो खाली का येतो, हे समजून घ्यायला घरात एक प्रयोग करता येईल. एका फळीवर गोणपाटाचा तुकडा घट्ट ताणून लावा. त्यावर बोटभर जाडीचा साखरेचा थर पसरा. साखरेवर एक लाकडी पाट अलगद ठेवा. आता फळीची एक बाजू हळूहळू उचला. बराच वेळ काही होत नाही. पाट जागच्या जागी. अजून थोडी उचला, तरीही नाही. मग एक वेळ अशी येते, की पाटावर नुसतं बोट टेकवलं तरी तो सबंध पाट एकदम सुटतो. एखादा कोपरा नाही, सबंध पाट. साखर त्याच्याखाली गोळ्यांसारखी गडगडते.

हिमालयातला सर्वांत घातक हिमस्खलनाचा प्रकार हा असा आहे. हिवाळ्यात डोंगरावर जो बर्फ साचतो, तो एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, मधल्या उन्हाच्या दिवसांचा एक कडक पापुद्रा, वाऱ्यानं ठोकून बसवलेला एक थर, असे थरावर थर असतात. यातला एखादा थर साखरेसारखा असतो. हे केवळ उपमेसाठी म्हणत नाही. तो दिसतोही साखरेसारखा आणि मुठीत धरला तर बोटांतून सुटतोही तसाच. त्याचा लाडू वळत नाही.

ही साखर तयार कशी होते, ते ऐकण्यासारखं आहे. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्य अंशाच्या आसपास राहतं, कारण खालची माती ऊब धरून असते. वर हवा मात्र रात्री उणे पंधरा, उणे वीस. बर्फाचा थर पातळ असेल, तर एवढा मोठा फरक हातभर अंतरात सामावतो. मग खालच्या बर्फाची वाफ होऊन ती वर सरकते आणि वरच्या कणांवर पुन्हा गोठते. काही रात्रींत जुने कण नाहीसे होऊन त्यांच्या जागी टोकदार, चकचकीत, एकमेकांना न धरणारे स्फटिक येतात. म्हणजे बर्फ जितका पातळ आणि रात्री जितक्या निरभ्र व थंड, तितकी ही साखर जास्त. मुलं फोनवर आईला सांगतात, "यंदा बर्फ कमीच आहे गं, काळजी करू नको." बर्फ कमी म्हणजे धोका कमी, हे गणित इथं उलटं पडतं. कमी बर्फात पाया कच्चा होतो, आणि मग फेब्रुवारीत एकदम दोन-तीन फूट बर्फ पडला, की कच्च्या पायावर माडी चढते.

जानेवारी २०२४ मध्ये काश्मीरमधलं गुलमर्ग कोरडं पडलं होतं. पर्यटक तपकिरी गवतावर फोटो काढून परतत होते. महिनाअखेरीस बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत भरपूर पडला, आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू दगावला. पातळ बर्फाच्या वर्षी माणसं निर्धास्त होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पाट सुटायला तीन गोष्टी लागतात. उतार, कच्चा थर आणि वरचं ओझं. उताराचं बोलायचं तर ३० ते ४५ अंश. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर घरातला माडीवर जाणारा जिना आठवा. साधारण तेवढा. त्याहून फार कमी उतारावर बर्फ बसून राहतो, आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. गंमत अशी, की जिन्याएवढा उतार माणसाला चढायलाही बरा वाटतो आणि घसरगुंडीलाही. आपल्याला जो उतार आवडतो, नेमका तोच बर्फालाही आवडतो. आणि सपाटीवर तंबू ठोकला म्हणजे सुटलो, असंही नाही. वर जिन्याएवढा उतार असेल तर खाली येणारा बर्फ सपाटीवरही बराच लांब धावतो.

ओझ्याचं म्हणाल, तर ते आकाशातून पडतं त्यापेक्षाही झपाट्यानं वाऱ्यानं येतं. खळ्यावर उफणणी पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. वारा भुसा उचलतो आणि जिथं आडोसा असेल तिथं नेऊन टाकतो. डोंगराच्या धारेवरही तेच. वाऱ्याच्या बाजूचा उतार खरवडून निघतो आणि आडोशाच्या बाजूला गुळगुळीत, भरलेला, उशीसारखा फुगीर बर्फ साचतो. दिसायला सर्वांत सुंदर हाच. फोटो काढायला सगळे तिथंच जातात. आकाश निळंभोर असतं, एक कणही पडत नसतो, आणि वाऱ्यानं तासाभरात त्या उतारावर फूटभर ओझं आणून टाकलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, आम्हा दौंड-शिरूरकडच्या माणसांना याचं काय? आमच्याकडे थंडी म्हणजे उसावरचं धुकं आणि शेकोटी. खरं आहे. पण उतार, कच्चा थर आणि ओझं ही तिघांची जोडी आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. त्या वाटेनं नेहमी जाणाऱ्या एसटीच्या चालकाला रस्त्याच्या कडेला गावच दिसेना, आणि तिथून बाहेर खबर गेली. १५१ माणसं गेली. तिथं साखरेच्या जागी मुरलेल्या पाण्यानं सैल झालेली माती होती आणि ओझं पावसाचं होतं, एवढाच फरक. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचं तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूरजवळची इर्शाळवाडी. सह्याद्रीत हे पावसाळ्यात होतं, हिमालयात बर्फाच्या दिवसांत. डोंगराचा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

पण एका बाबतीत बर्फ वेगळा आहे, आणि आजच्या बोलण्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माळीणच्या माणसांनी डोंगराला काही केलं नव्हतं, ती आपल्या घरात होती. बर्फात फिरायला गेलेल्यांचं तसं नाही. युरोप-अमेरिकेत अशा अपघातांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. हौसेनं डोंगरात गेलेले जे लोक हिमस्खलनात मरतात, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सुरू केलेलं असतं. पाटावर बोट त्यांचंच टेकतं. वरून काळ कोसळला, नशिबात होतं, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा काळ आपल्याच वजनानं सुटलेला असतो.

आणि म्हणून बर्फ आधी काय सांगतो, ते ऐकायला शिकलं पाहिजे. तो सांगतो, हे मात्र खरं. पायाखाली पोकळ, दबका 'धप्प' असा आवाज आला, तर आतला साखरेचा थर खचला असं समजावं. पावलापासून पुढं चीर पळत गेली, तर पाट सुटायला आला. शेजारच्या त्याच तोंडाच्या उतारावर ताजं स्खलन झालेलं दिसलं, तर याहून स्पष्ट पाटी डोंगर लावू शकत नाही. मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वांत वाईट. उतारावरच्या झाडांच्या फांद्या फक्त खालच्या बाजूला उरल्या असतील, वरच्या बाजूच्या मोडून गेल्या असतील, तर ती बर्फाची येण्याजाण्याची वाट आहे. हे वाचायला पदवी लागत नाही. थांबून पाहायला लागतं.

सगळीच स्खलनं अशी पाटासारखी नसतात. उन्हानं ओला झालेला बर्फ दुपारनंतर एका बिंदूपासून पसरत खाली येतो. म्हणून गिर्यारोहक मध्यरात्री उठून चालायला लागतात आणि ऊन चढायच्या आत परततात. त्याला बिचाऱ्या नवशिक्यांनी कितीही नावं ठेवली, तरी त्यात शिस्तीची हौस नाही. तिसरा प्रकार लोंबकळत्या हिमकड्यांचा. हिमनदीच्या काठाचे ते इमारतींएवढे ठोकळे कधी तुटतील याला काळवेळ नाही. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात अशा तुटलेल्या बर्फाखाली १६ नेपाळी कामकरी गेले. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल २०१५ ला, नेपाळच्या भूकंपानं पुमोरीकडून सुटलेल्या बर्फाचा झोत एव्हरेस्टच्या तळछावणीवर आला आणि वीसच्या आसपास माणसं दगावली. अशा ठिकाणी एकच उपाय असतो. त्याच्याखाली कमीत कमी वेळ राहणं.

आपल्या मराठी गिर्यारोहकांना हे चांगलं ठाऊक आहे. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोहोचले. त्यानंतर पुण्याच्या 'गिरिप्रेमी'नं उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एकामागून एक आठ हजारी शिखरांवर मोहिमा नेल्या. त्यांतलं अन्नपूर्णा हे शिखर हिमस्खलनांसाठीच कुप्रसिद्ध. १६ एप्रिल २०२१ रोजी गिरिप्रेमीचे गिर्यारोहक तिथं पोहोचले आणि त्याच दिवशी साताऱ्याची प्रियांका मोहितेही. वर्तमानपत्रांत शिखरावरचे फोटो छापून येतात. त्याआधी तळछावणीवर बसून, हवामानाचे अंदाज चाळत, आज नको, उद्याही नको, म्हणत काढलेले दिवस छापून येत नाहीत. माझ्या मते गिर्यारोहणाचं खरं कसब त्या न छापल्या गेलेल्या दिवसांत असतं.

अर्थात कसब असलं म्हणजे कवच मिळालं, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी द्रौपदी का डांडा या शिखराच्या उतारावर होती. हिमस्खलनात २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं सर केली होती. ज्या संस्थेत मी दोर बांधायला शिकलो, तिथली ही बातमी ऐकून मी दोन दिवस कोणाशी फारसं बोललो नाही. सवितासारखी मुलगी जिथं सुटली नाही, तिथं आठ दिवसांच्या सहलीला गेलेल्यानं किती सावध असावं, एवढंच मी पोरांना सांगतो.

हे भाषण सुरू होऊन आता दहा-एक मिनिटं झाली असतील. सुरुवातीला मी 'नमस्कार श्रोतेहो' म्हणालो, त्या क्षणी कोणी बर्फाखाली गेला असं समजा. स्वित्झर्लंडमधल्या अनेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलं, तर दहातले नऊ वाचतात. अर्धा तास गेला, की दहातले तीनच. मृत्यू थंडीनं येत नाही, गुदमरून येतो. तोंडाभोवती श्वासाच्या वाफेचं बर्फ होतं आणि हवा बंद होते. आता सांगा, उत्तरकाशीहून किंवा मनालीहून हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येईल? दहा तासांत आलं तरी उपकार. म्हणजे वाचवणार कोण? जो शेजारी चालत होता तो.

त्याच्याकडे तीन वस्तू हव्यात. एक, छातीशी बांधायचा छोटा रेडिओ, ट्रान्सीव्हर. तो सतत संदेश सोडत असतो. कोणी गाडला गेला, की बाकीचे आपापले यंत्र ऐकण्यावर लावतात आणि आवाजाच्या मागं मागं जातात. श्रोत्यांना सांगायला हरकत नाही, की हा संदेश ४५७ किलोहर्ट्झवर जातो, म्हणजे आपल्या मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या जरासा खाली. दुसरी, घडीची लांब सळई, बर्फात खुपसून माणूस नेमका कुठं आहे ते चाचपायला. तिसरी, फावडं. हातांनी तो बर्फ उकरता येत नाही, सिमेंटचं मघाशी सांगितलंच. ही तिन्ही सर्वांकडे हवीत आणि वापरण्याचा सराव हवा. हिवाळी ट्रेकला जाणाऱ्या आपल्याकडच्या गटांत ती फारशी दिसत नाहीत. सेल्फीच्या काठ्या दिसतात.

इथं कोणी तरी सियाचिनची आठवण काढतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांतले एक साताऱ्याच्या माण तालुक्यातले होते. सहा दिवसांनी हनुमंतप्पा कोप्पड हे लान्स नायक जिवंत सापडले. सारा देश प्रार्थना करत होता. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्यांच्या चिवटपणाला तोड नाही. पण त्या घटनेवरून 'माणूस सहा दिवस तग धरतो' असा समज पसरला, तो घातक आहे. तंबूत अडकलेल्या हवेच्या पोकळीमुळं घडलेला तो अपवाद होता. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथं रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर हिमस्खलनात सापडले. त्यांतले ४६ वाचले, त्यालाही ते ज्या लोखंडी कंटेनरांत राहत होते त्यांचा मोठा हातभार लागला. उघड्यावर चालणाऱ्याला ना तंबू असतो, ना कंटेनर.

जवानांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. संध्याकाळी यवत स्टेशनवरून जम्मूकडे जाणारी झेलम एक्सप्रेस धडधडत जाताना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. तिच्यातून काळ्या पत्र्याच्या ट्रंका घेऊन पुणे, सातारा, सांगलीची पोरं गेली. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ आणि माछिल भागांत हिमस्खलनांत जवान गेले, त्यांतही महाराष्ट्रातले होते. त्यांना उतार निवडता येत नाही, दिवस निवडता येत नाही. चौकी जिथं असेल तिथं राहायचं. त्यांच्यासाठीच मुख्यतः आपल्या देशात बर्फाचा अभ्यास उभा राहिला. संरक्षण संशोधन संघटनेची मनालीची हिमस्खलन संशोधन संस्था त्यासाठी होती. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन झाली आणि तिचं नवं इंग्रजी लघुनाम डीजीआरई असं झालं. जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीमसाठी ती हिमस्खलनाचे इशारे देते आणि राज्यांची आपत्ती व्यवस्थापन खाती ते प्रसिद्ध करतात. म्हणजे जवानांसाठी तयार झालेली माहिती आता सहलीला जाणाऱ्यालाही मिळते. ज्याला निवड आहे, त्यानं निदान ती वाचावी.

पण इशारा वाचूनही माणूस का जातो? अमेरिकेतले इयन मॅकॅमन यांनी हिमस्खलनाचे सातशेहून अधिक अपघात तपासले. त्यांना आढळलं, की पुष्कळ प्रसंगांत धोक्याच्या खुणा समोर होत्या आणि गटात प्रशिक्षित माणसंही होती. तरी ते गेले. कारण वाट ओळखीची होती. कारण गटातल्या कोणाला तरी जायचंच होतं. कारण पुढं दुसरा गट चालला होता. वाचताना मला हिमालय नाही, आपला घाट आठवला. पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी चाललेलं असतं, आणि पुढची जीप गेली म्हणून मागची मोटारसायकल जाते. पुढच्याचं वजन पाटानं पेललं, याचा अर्थ तुमचं पेलेल असा होत नाही. कच्चा थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. विसावा माणूस नेमका पातळ जागी पाय ठेवतो.

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाला जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक गेले. गिर्यारोहक नव्हेत, तुमच्या-माझ्यासारखे गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेले लोक. त्या दिवशी परवानगी तेराव्या मैलापर्यंतच होती, लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, अशा बातम्या आल्या. दोन मैलांची हौस. रजा संपत आलेली, पैसे भरलेले, पुन्हा इतक्या लांब कधी येणार, हे सगळं मला समजतं. आमच्याकडून झेलमनं दिल्ली गाठायची म्हटलं तरी दिवसभराहून जास्त मोडतो. पण त्या बर्फाला आपल्या रजेचा अर्ज दिसत नाही.

मग जाऊच नये का? आजोबांनी तेच म्हटलं होतं, "हितं गोळ्यावालं धा रुपयाला बर्फ देतंय, तिकडं कशाला?" माझं मत वेगळं आहे. जावं. केदारकांठा साडेबारा हजार फुटांचा, बराचसा झाडीतून जाणारा, तुलनेनं सौम्य डोंगर आहे. पहाटे त्याच्या माथ्यावरून दिसणारी शिखरांची रांग ज्यानं पाहिली, त्याला आयुष्यभर पुरते. पण निघण्याआधी, पैसे भरण्याआधी, मुलांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनीही, फोन उचलून चार गोष्टी विचाराव्यात. गटाचा म्होरक्या हिमस्खलनाचं शिक्षण कुठं शिकला? बचावाची तिन्ही साधनं किती जणांकडे असतील आणि सराव कधी घेणार? निघायच्या दिवशी इशारा वाईट असेल तर काय करणार, आणि परत फिरावं लागलं तर पैशांचं काय? गेल्या हंगामात हवेमुळं किती वेळा माथा न गाठता परत फिरलात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'एकदाही नाही' असं अभिमानानं आलं, तर दुसरा गट शोधा. फोनवर समोरचा चिडला, तरी दुसरा शोधा. केदारकांठ्याला जाणारे गट पुष्कळ आहेत. आणि जातानाचं म्हणाल, तर निघण्याच्या आदल्या रात्री फळी, गोणपाट, साखर आणि पाट घेऊन तो प्रयोग एकदा घरच्यांसमोर करून पाहा. साखर वाया जात नाही, चाळून डब्यात भरता येते.